देणगी आणि तिच्या अटी

मंगळवार, रात्री

आज विद्यापीठात एका देणगीतून चालणारं वार्षिक व्याख्यान ऐकलं. पत्रिकेवर वक्त्यापेक्षा देणगीदाराचं नाव ठळक. प्रास्ताविकात त्यांच्या घराण्याचं कौतुक इतकं लांबलं की प्रश्नोत्तरं गुंडाळावी लागली. वक्ता भला माणूस, हसत बसून राहिला.

चिडून घरी आले आणि अ‍ॅडम गिफर्डचं मृत्युपत्र पुन्हा काढून वाचलं. हा स्कॉटिश न्यायाधीश 1887 साली वारला. एडिंबरा, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन आणि सेंट अँड्र्यूज या चार विद्यापीठांना मिळून 80,000 पौंड ठेवून गेला. मुद्दल तसंच राहायचं, व्याजावर वक्ते यायचे. विषय ईश्वराचा, पण अट अशी की वक्त्याच्या श्रद्धेची चौकशी करायची नाही. कुठल्याही धर्माचा चालेल, कुठलाच न मानणाराही चालेल. खगोलशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवावं तसा विषय मांडावा, व्याख्यानं सर्वांना खुली असावीत आणि एकाच वक्त्याला वर्षानुवर्षं चिकटवून ठेवू नये. स्वतःच्या माघारी कुणी आपल्या नावाने ढवळाढवळ करू नये, याची ही वकिली तजवीज! विल्यम जेम्स, व्हाइटहेड, हाना आरेन्ट हे तत्त्वचिंतक, सगळे त्याच व्याजावर बोलून गेले.

हार्वर्डला 1925 मध्ये स्टिलमन नावाच्या दात्याने काव्याच्या अध्यासनासाठी पैसे दिले, पण नाव दिलं नॉर्टन या कलेतिहासाच्या प्राध्यापकाचं. ‘काव्य’ तिथे इतकं ऐसपैस धरतात की संगीतकार स्ट्राविन्स्की संगीतावर बोलला.

दात्याने स्वतःला मागे ठेवलं की झालं, असं म्हणणार होते, तेवढ्यात हिबर्ट आठवला. रवींद्रनाथांनी 1930 साली ऑक्सफर्डला मानवधर्मावर व्याख्यानं दिली, ती हिबर्ट न्यासाची. रॉबर्ट हिबर्ट जमैकातल्या मळ्याचा मालक. मळा गुलामांच्या कष्टावर चालायचा. अटी कितीही उदार लिहिल्या तरी हे खोडता येत नाही. मग व्याख्यानं नकोत का? हवीत, मला तरी हवीत. पण हिशेब उघडा हवा.

उद्या विभागाच्या बैठकीत नव्या देणगीचा करार येतोय. मी दोन कलमं मागणार: वक्ता निवडणाऱ्या समितीत देणगीदाराचा माणूस नको आणि पैसा कुठल्या धंद्यातला, ते दरवर्षी पत्रिकेवर एका ओळीत छापायचं. पहिलं कदाचित मान्य होईल. दुसऱ्यावर विभागप्रमुख चष्मा पुसायला घेतील.