मधुमालतीचं वेळापत्रक

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडवर मधुमालतीचा वेल पसरलाय. कोणी लावला ते कोणालाच आठवत नाही, आणि पाणीही कोणी घालत नाही. तरी पावसाळा सुरू झाला की भिंत दिसेनाशी होते. एकाच घोसात पांढरी, गुलाबी आणि गडद लाल अशी तिन्ही रंगांची फुलं लटकलेली असतात. कलम केलंय का हो, असं येणाराजाणारा हमखास विचारतो. कलम कसलं आलंय? फूल तेच, वय वेगळं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला कळी उमलते तेव्हा फूल पांढरं असतं, आणि वास असा सुटतो की गेटवर रिक्षातून उतरतानाच कळावं. हा थाट आपल्यासाठी नसतो. फुलाची नळी दोन-तीन इंच लांब, मध पार तळाशी. तिथवर पोचेल अशी जीभ असते ती रात्रीच्या मोठ्या पतंगांची, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवलेली. ते फुलावर बसतसुद्धा नाहीत. समोर हवेत तरंगत जीभ आत सोडतात, दोन-चार क्षणांत पुढच्या फुलावर. अंधारात पांढरं तेवढंच दिसतं, आणि जे दिसत नाही त्याचा पत्ता वासाने लागतो. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं, मग लाल, आणि हळूहळू मान खाली घालतं. आता पाळी दिवसाच्या मंडळींची, मधमाश्या आणि फुलपाखरांची. ‘माणसाचा रंग उडतो, हिचा चढतो,’ असं तळमजल्यावरच्या काकू म्हणतात. देवाला वाहायला मात्र त्यांना पांढरीच लागतात.

मधमाशीचे डोळे हे वेगळंच प्रकरण आहे. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे एक अगदी साधा प्रयोग केला. करड्या रंगाच्या फिक्या-गडद कागदांमध्ये एक निळा कागद ठेवायचा आणि त्यावर साखरेचं पाणी. माश्या निळ्याला सरावल्या की पाणी काढून घ्यायचं, कागदांच्या जागा बदलायच्या. माश्या तरीही बरोबर निळ्यावरच! लाल कागदाला मात्र त्या फसल्या. लाल त्यांना काळपट करड्यासारखाच दिसतो. उलट आपल्याला न दिसणारे अतिनील किरण त्यांना दिसतात. म्हणजे आपण ज्याला साधं पिवळं फूल म्हणतो, त्यावर मधाकडे नेणाऱ्या खुणा रेखलेल्या असू शकतात. फ्रिशना 1973 साली नोबेल मिळालं, मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावल्याबद्दलही.

मग शिमग्याच्या सुमाराला पळस, पांगारा, काटेसावर एवढे लालभडक कोणासाठी होतात? पक्ष्यांसाठी. त्यांना लाल लांबूनही स्वच्छ दिसतो. वासाच्या मागे ते फारसे जात नाहीत, म्हणून ही झाडं अत्तरावर खर्चच करत नाहीत. पळसाचं फूल नाकाशी धरून बघा, काहीही नाही. काटेसावरीचं खाली पडलेलं ताजं फूल हातात घेतलं तर पाकळी जाड, गुळगुळीत, जवळजवळ रबरी लागते. मैनेच्या धसमुसळेपणाला पुरून उरणारी. पानं आधीच गळलेली, त्यामुळे आड काही येत नाही. मैना, बुलबुल, कोतवाल सकाळपासून फांद्यांवर भांडत असतात आणि कपाळाला पराग फासून पुढच्या झाडावर जातात. खारही असतेच. मला विचाराल तर रातराणीपेक्षा या बिनवासाच्या झाडांचा दिलदारपणा मोठा. आपण कौतुक मात्र सुगंधाचंच करतो.

मांडवावरच्या वेलींचंही असंच. दोडका आणि घोसाळं सख्खी भावंडं, फुलंही पिवळीच, पण दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि घोसाळ्याचं सकाळी. शेजारी राहून पाहुणे वेगळे.

या सगळ्या व्यवहारात चोरही आहेत. काळा भुंगा, तो विमानासारखा आवाज करत येणारा, मधुमालतीच्या लांब नळीत तोंड घालण्याच्या भानगडीत पडत नाही. बुडाशी चीर पाडतो आणि मध पिऊन पसार होतो. परागाशी संबंधच नाही, म्हणजे फुलाच्या पदरात शून्य. मला त्याचा रागच यायचा, पण काकूंच्या कुंडीतल्या वांग्याने त्याची बाजू घेतली. वांग्याच्या जांभळ्या फुलात मध नसतोच, आणि पराग पिवळ्या नळ्यांत बंद, टोकाला फक्त बारीक भोकं. तो झाडून काढावा लागतो. भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, आवाजाची पट्टी एकदम चढते आणि पराग त्याच्या पोटावर भुरभुरतो. मधमाशीला हे जमत नाही.

गेल्या मीटिंगमध्ये बागेतल्या वाळक्या लाकडाला भुंग्यांनी पाडलेली भोकं सिमेंटने बुजवायचा ठराव आला होता. मी बोलायच्या आत काकूच उठल्या. ‘भोकं बुजवा खुशाल,’ त्या म्हणाल्या, ‘मग माझ्या वांग्याची फुलं हलवायला रोज सकाळी सेक्रेटरींनी यायचं.’