म्हैस राखाडी नसते

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो, तेव्हा दूध प्यायचं राहूनच गेलं. कॅमेरा मामाचा, रोल मामाचा, उत्साह तेवढा माझा. पंढरपुरी म्हशी ओळीनं उभ्या, तलवारीसारखी लांब शिंगं मागं खांद्यापर्यंत गेलेली. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ पेला थेट त्याच्या हातात द्यायचा, ही इथली रीत. काळीभोर म्हैस, पांढराशुभ्र फेस. कृष्णधवल रोलला आणखी काय पाहिजे? ३६ पैकी ११ फोटो मी एकट्या एका म्हशीवर उडवले.

मामाचा फोटो स्टुडिओ होता. रोल त्यानंच धुतला आणि एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून फोटो मोठा करायच्या यंत्राखाली, सगळ्या फोटोंना मुद्दाम सारखाच वेळ देऊन प्रिंट काढले. म्हैस राखाडी. दूधही राखाडी.

"ही म्हस हाय का राखंचं पोतं?" मामानं विचारलं.

"मीटरनं दाखवलं तसंच काढलंय," मी म्हणालो.

"मग मीटरलाच पाज की दूध."

त्या दिवशी कळलं की कॅमेऱ्यातल्या मीटरला समोर म्हैस आहे की दूध, याचा पत्ताच नसतो. समोरून किती प्रकाश परत येतोय एवढंच त्याला कळतं, आणि समोरची वस्तू मधल्या राखाडी रंगाची, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारी असणार, असं ते धरून चालतं. म्हशीकडून फारच थोडा प्रकाश येतो. मीटरला वाटतं, अंधार आहे. ते जास्त प्रकाश आत घ्यायला सांगतं आणि म्हैस राख फासल्यासारखी दिसते. दुधाच्या बाबतीत नेमकं उलट. फेसाचा उजेड बघून मीटर बिचकतं, प्रकाश कमी करायला लावतं आणि दूध मळकट होतं. म्हणून काळं काळं राहायला हवं असेल तर प्रकाश एक-दीड स्टॉप कमी द्यायचा आणि पांढऱ्याला उलट एखादा स्टॉप जास्त. एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट नाहीतर निम्मं. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हांचं बटण असतं ते याच भांडणासाठी. पांढरं आधीच उजळ, त्याला आणखी उजेड कशाला, हा माझा प्रश्न सुटायला दोन रोल खर्ची पडले. दोन्ही मामाचेच.

मीटरला शिव्या घालायचं मात्र कारण नाही. रस्ता, झाडं, भिंती, बाजारातली गर्दी, यांचे फोटो त्याच्या भरवशावर बिनघोर काढावेत. अडतं ते म्हशीपाशी.

खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळून जाताना मला हटकून बाबूराव पेंटर आठवतात. १९१८ साली या माणसानं कोल्हापुरात सिनेमाचा देशी कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. प्रकाश मोजणारी विजेची मीटरं बाजारात आली ती १९३० नंतर. नाटकांचे पडदे रंगवून तयार झालेल्या डोळ्याला, काळा किती काळा हे कुणाला विचारावं लागत नसणार.

आताचा मोबाइल मीटरपेक्षा पुष्कळ हुशार आहे आणि म्हणूनच जास्त दामटून बोलतो. गेल्या जुलैत रंकाळ्यावर उभा होतो. आभाळ काजळलेलं, शालिनी पॅलेसचा नुसता आकार दिसत होता, आणि उजेड म्हणावा तर कणीसवाल्याच्या शेगडीचा. फोटो काढला. मोबाइलनं कमी-जास्त उजेडाचे चार-सहा फोटो क्षणात काढून एकत्र शिवले. पाणी निळं आलं, पॅलेसच्या खिडक्या मोजता आल्या, कणीसवाल्याच्या शर्टाच्या चौकडीसुद्धा दिसल्या. सगळं दिसत होतं, संध्याकाळ सोडून. मग स्क्रीनवर बोट खाली ओढत उजेड उतरवत नेला, तेव्हा कुठं निखारे पेटले.

माझ्या आतही असलं एक मीटर बसवलेलं आहे, हे जरा उशिरा लक्षात आलं. कुणी "काय चाललंय?" विचारलं की ते परस्पर उत्तर देतं, "निवांत." पोराला ताप होता त्या आठवड्यात निवांत, आणि मित्रांबरोबर पन्हाळ्यावर पावसात भिजून आलो त्या दिवशीही निवांतच. समोरचाही निवांत असतो. दोघं राखाडी माणसं चहा पितात आणि आपापल्या गाडीला किक मारतात.

याला फसत नाही ती आई. परवा रविवारी जेवताना तिनं विचारलं, "रस्सा कसा झालाय?"

"चांगला."

"कुठला?"

"दोन्ही."

"सकाळपासनं गॅसपुढं मी राबतो," (आमच्याकडं बायकाही राबतोच म्हणतात) "एक मिरचीचा, एक नारळाचा, आणि तुला दोन्ही सारखंच लागलं व्हय?"

मी गुमान पांढऱ्याची वाटी पुन्हा तोंडाला लावली. मग तांबड्याची. तांबडा कानामागनं घाम काढत होता, जसा काढायला पाहिजे तसा. पांढऱ्यात मीठ कमी होतं. तसं सांगितलं.

"आत्ता कसं बोललास," म्हणत तिनं मिठाची बरणी माझ्याकडं सरकवली.