पूल चढताना नाही, उतरताना दुखायचं

माझं वय ६१, राहते परळला. दोन वर्षांपूर्वी सुरू झालं सगळं, आधी नुसती कंबर, मग दोन्ही पोटऱ्या भरून यायला लागल्या, पाय जड व्हायचे, दादरहून भाजी घेऊन निघाले की दहा मिनिटांत कुठेतरी टेकावंच लागायचं आणि जरा पुढे वाकून बसले की दोन मिनिटांत बरं वाटायचं. घरचे म्हणाले वय झालं, नणंद म्हणाली कॅल्शियम कमी असेल. एक गोष्ट मला विचित्र वाटायची, स्टेशनचा पूल चढताना एवढं काही व्हायचं नाही पण उतरताना जीव जायचा, आणि डी-मार्टमध्ये ट्रॉलीवर कोपरं टेकवून मी तासभर आरामात फिरायचे. हे मी कुणालाच सांगितलं नाही, उगाच काय सांगायचं असं वाटलं. खरं तर तेच आधी सांगायला हवं होतं.

मधल्या काळात बिल्डिंगमधल्या एकीने भुजंगासन कर म्हणून सांगितलं, रोज केलं, वाढलं. मग एका ठिकाणी गेले, त्यांनी ना रिपोर्ट मागितला ना काही विचारलं, पालथं झोपवून कंबर कडाकड मोडली. त्या दिवशी बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी डाव्या पायात अंगठ्यापर्यंत मुंग्या. त्याचा मला अजून राग येतो.

मुलगा शेवटी ऑर्थोपेडिककडे घेऊन गेला. त्यांनी पहिला प्रश्नच विचारला, ट्रॉली ढकलताना बरं वाटतं का? मी बघतच राहिले. मग पावलांवरची नाडी बघितली, कारण रक्तवाहिन्या आखडल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण ते दुखणं नुसतं उभं राहिलं तरी थांबतं, माझ्यासारखं बसावं किंवा वाकावं लागत नाही. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधे (एल फोर-एल फाइव्ह) कॅनल स्टेनोसिस निघालं, म्हणजे मणक्यांमधली गादी (डिस्क) पुढून फुगलेली, मागचं लिगामेंट जाड झालेलं, सांधे वाढलेले, आणि मधे नसांना जागाच कमी. पाठ मागे वाकली की ती जागा अजून अरुंद होते, पुढे वाकलं की थोडी मोकळी. पूल उतरताना आपण मागे झुकतो, भुजंगासनात तर पूर्णच मागे, आत्ता कळलं मला! पायातली ताकद ठीक होती म्हणून ते म्हणाले ऑपरेशनची घाई नको, पण लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिर झालं किंवा पाऊल उचलेनासं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटलला यायचं. हे मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय.

त्यांनाच विचारून कायरोप्रॅक्टिककडे, म्हणजे हाताने पाठीच्या मणक्यांवर उपचार करणाऱ्या एका मुलीकडे गेले. ती मुलगी पहिल्या दिवशी पाऊण तास नुसती तपासत होती, रिफ्लेक्स बघितले, टाचांवर चालायला लावलं, एमआरआयची सीडी मागून घेतली. म्हणाली, "काकू, वाढलेलं हाड मी कमी करू शकत नाही, तुमचं चालणं वाढवायचा प्रयत्न करू." एवढं स्पष्ट बोलली म्हणून माझा विश्वास बसला. तिच्याकडे टेबल होतं त्याचा पायाकडचा भाग हळूहळू खाली जातो, पालथं झोपायचं, ती एक हात कमरेवर ठेवून तो भाग झुल्यासारखा खालीवर करायची. फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शन म्हणतात त्याला. काही मोडणं नाही, कट्कन आवाज नाही.

सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग एकदा, असे दहा आठवडे. माझ्या मेडिक्लेममध्ये यातलं काहीच बसलं नाही, सगळे पैसे घरातून. पण नुसत्या टेबलाने झालं असं मला वाटत नाही, घरचा व्यायाम तेवढाच, उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यायचे, पोट आत ओढून कंबर जमिनीला टेकवायची, आणि मुलाने सेकंडहँड जिमची सायकल आणली ती रोज वीस मिनिटं. ओट्याशी उभं राहताना एक पाय छोट्या स्टुलावर ठेवते आणि पोळ्या आता बसूनच लाटते. कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मधे उशी.

तिसऱ्या आठवड्यात वाटलं काहीच फरक नाही, सोडून देऊया, रडलेसुद्धा. तिने मला वही ठेवायला सांगितली होती, न थांबता किती मिनिटं चालले ते रोज लिहायचं. त्यात बघितलं तर दहाची चौदा झाली होती. मला कळलंच नव्हतं, कारण दुखणं होतंच पण उशिरा सुरू व्हायचं. दहाव्या आठवड्यात सव्वीस.

आता महिन्यातून एकदा जाते. एमआरआय परत केला नाही, डॉक्टर म्हणाले चालणं सुधारलंय तर गरज नाही. गेल्या रविवारी दादर स्टेशनपासून शिवाजी पार्कपर्यंत चालत गेले, नातू बरोबर होता, कट्ट्यावर बसलो तेव्हा त्याचेच पाय दुखत होते. पूल उतरताना अजून कठडा धरते.