एकाच चौकटीच्या चार प्रती

मी लहानपणी 'स्टार वॉर्स' पाहिला तो पुण्यात, व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीसाठी भाड्याने आणलेल्या कॅसेटवर. पुढे नोकरीनिमित्त न्यू जर्सीला आलो आणि इथल्या डिस्कवर तोच चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा तो संथ वाटला आणि माणसांचे आवाजही थोडे जड भासले. वयाचा परिणाम असेल असे समजून मी तो विषय सोडून दिला होता. त्याचे खरे कारण कळायला बरीच वर्षे जावी लागली, आणि ते कळले तेही एका वेगळ्याच खटाटोपातून. हा अनुभव त्या खटाटोपाचा आहे.

२५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट त्या दिवशीच्या रूपात आज दुकानात मिळत नाही, ही मूळ अडचण. १९८१च्या पुनर्प्रदर्शनात सुरुवातीच्या सरकत्या मजकुराला 'एपिसोड फोर'चे शीर्षक जोडले गेले. १९९७मध्ये संगणकावर तयार केलेली नवी दृश्ये त्यात घालण्यात आली, आणि २००४ची डीव्हीडी व २०११ची ब्लू-रे यांत आणखी बदल झाले. जुने रूप अधिकृतपणे डीव्हीडीवर आले ते २००६मध्ये, नव्या आवृत्तीसोबतची जादा डिस्क म्हणून. परंतु तीही १९९३मध्ये लेझरडिस्कसाठी तयार केलेल्या मास्टरवरूनच, म्हणजे ज्या मुख्य व्हिडिओ प्रतीवरून विक्रीच्या प्रती काढतात तिच्यावरूनच, काढलेली होती. रुंद चित्र जुन्या चौकोनी पडद्याच्या आकारात वर-खाली काळे पट्टे ठेवून बसवल्यामुळे डीव्हीडीच्या ४८० ओळींपैकी जेमतेम २७० ओळी प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला येत होत्या. म्हणून हौशी मंडळींनी स्वतःच्या प्रती उतरवायला घेतल्या: कोणी लेझरडिस्कवरून, तर कोणी थेट चित्रपटगृहात चाललेल्या ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवरून. या प्रतींना हक्कधारकांची परवानगी नसते, हे इथेच स्पष्ट सांगितलेले बरे. मी माझ्या डिस्कवरून उतरवलेले काहीही माझ्या संगणकाबाहेर गेलेले नाही.

माझा हेतू साधा होता. १९७७च्या चित्राच्या सर्वांत जवळ जाणारी प्रत कोणती, हे मला दुसऱ्याच्या मतावर विसंबून न राहता स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचे होते. त्यासाठी चार प्रती जमवल्या. पहिली २००६ची डीव्हीडी. दुसरी १९९३चा अमेरिकी लेझरडिस्क संच, ज्यात तीन चित्रपट मिळून नऊ डिस्क आहेत. तिसरी १९८६ची जपानी लेझरडिस्क, जिच्याबद्दल जुने संग्राहक विशेष आदराने बोलतात. चौथी '४के७७' या नावाने ओळखली जाणारी, मुख्यतः १९७७च्या एकाच टेक्निकलर प्रिंटवरून चौकट-चौकट (फ्रेम-फ्रेम) स्कॅन केलेली प्रत, जी एका मित्राने मला आणून दाखवली.

लेझरडिस्क ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आकाराने ती ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढी, म्हणजे ३० सेंटिमीटर व्यासाची असते आणि चमकते सीडीसारखी. पण तिच्यावरचे चित्र अंकांच्या रूपात नसून जुन्या टीव्हीच्या संदेशासारखे अ‍ॅनालॉग असते. १९९३च्या संचातील डिस्क अशा प्रकारच्या आहेत की एका फेऱ्यात बरोबर एक चौकट वाचली जाते. त्यामुळे कोणतीही चौकट स्थिर धरून पाहता येते. मात्र एका बाजूला अर्धाच तास मावतो आणि १२१ मिनिटांच्या चित्रपटासाठी पाच बाजू लागतात. जुना प्लेअर मला एका घरातील सामानाच्या विक्रीत मिळाला. त्याच्या ट्रेचा रबरी पट्टा सैल पडलेला असल्यामुळे ट्रे अर्ध्यावर येऊन थांबायचा आणि हाताने हलकेच ओढावा लागायचा. पट्टा बदलला. पहिली विकत घेतलेली डिस्क कुजलेली निघाली: तिच्या थरांमधील डिंकाने दगा दिल्यावर आतला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा गंजतो आणि चित्रावर रंगीत ठिपक्यांचा पाऊस पडू लागतो. दुसरी प्रत मिळेपर्यंत दोन महिने गेले.

उतरवण्याच्या कामातली पहिली चूक मी केबलच्या निवडीत केली. प्लेअरला एस-व्हिडिओची जागा दिसताच ती अधिक चांगली असणार असे गृहीत धरून मी तीच वापरली. वास्तविक लेझरडिस्कवर प्रकाशाची आणि रंगाची माहिती एकाच संदेशात मिसळलेली असते, आणि ती कुठेतरी वेगळी करावीच लागते. एस-व्हिडिओ वापरल्यास ते काम प्लेअरमधील तीस वर्षांपूर्वीचा फिल्टर करतो. साधी पिवळी केबल वापरल्यास तेच काम पुढचे, चित्र संगणकावर उतरवणारे नवे यंत्र करते. माझ्या बाबतीत पिवळी केबल सरस ठरली. पात्रांच्या कडांवर मुंग्यांसारखे सरकणारे ठिपके जवळजवळ नाहीसे झाले.

त्यानंतरचे काम वेगाचे. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते आणि अमेरिकी व्हिडिओ साधारण ३० चौकटींनी, त्यामुळे फिल्मच्या चार चौकटींतून व्हिडिओच्या पाच बनवल्या जातात आणि त्यांतील दोन या शेजारच्या चौकटींची सरमिसळ असतात. ही सरमिसळ सोडवून मूळ चार चौकटी पुन्हा वेगळ्या केल्याखेरीज दोन प्रतींची तुलना करण्यात अर्थ नाही. प्रत्येक बाजूच्या शेवटी काही चौकटी गळतात किंवा दोनदा येतात, त्याही हाताने जुळवाव्या लागल्या. हे काम कंटाळवाणे आहे. मी ते रविवारच्या सकाळी चहाबरोबर उरकत असे.

चौकटी जुळल्यावर मी तीन जागा निवडल्या आणि चारही प्रतींतील तीच ती चौकट पडद्यावर आळीपाळीने दाखवत पाहिली. पहिली जागा सरकता मजकूर संपल्यावर कॅमेरा ताऱ्यांवरून खाली ग्रहाकडे वळतो ती. १९९३च्या मास्टरवर कचरा आणि दाणे, म्हणजे फिल्मच्या चित्रात दिसणारे बारीक कण, घालवण्यासाठी यंत्राने सफाई केलेली आहे. असे यंत्र मागची-पुढची चौकट ताडून पाहते आणि फक्त एकाच चौकटीत दिसणारा बारीक ठिपका धूळ समजून पुसते. स्थिर चित्रात हे चालते. पण कॅमेरा वळताना प्रत्येक तारा दर चौकटीत नव्या जागी असतो, आणि यंत्राच्या लेखी तोही कचराच. तारे फिकट होऊन ओघळल्यासारखे दिसतात. २००६ची डीव्हीडी त्याच मास्टरची असल्याने तिच्यातही हाच दोष उतरला आहे. जपानी डिस्कवर दाणे भरपूर आहेत, पण तारे जागच्या जागी आहेत.

दुसरी जागा वाळवंटातल्या तरंगत्या गाडीची. गाडीची चाके लपवण्यासाठी तिच्याखाली चित्र फासल्यासारखे पुसट केलेले होते, आणि जुन्या प्रतींत गाडीच्या पोटाखाली तांबूस धुरकट डाग दिसतो. १९९७मध्ये तो काढून टाकण्यात आला. चारही प्रतींत हा डाग आहे, मात्र प्रत्येकीत त्याचा रंग निराळा: डीव्हीडीत फिका गुलाबी, जपानी डिस्कवर विटकरी, तर प्रिंटच्या स्कॅनमध्ये आसपासच्या वाळूत जवळजवळ मिसळून गेलेला. मला हा डाग आवडतो. माणसांनी हाताने केलेली युक्ती इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळते.

तिसऱ्या जागेने मात्र मला चांगलाच धडा शिकवला. पाठलागाच्या प्रसंगात शत्रूची छोटी याने अवकाशात येतात. ती वेगळी चित्रित करून पार्श्वभूमीवर बसवलेली असल्यामुळे बहुतेक व्हिडिओ प्रतींत प्रत्येक यानाभोवती एक करडा चौकोन दिसतो; भोवतालचे अवकाश काळे आणि यानाच्या पेटीतले किंचित उजळ. १९९३च्या डिस्कवर तो चौकोन होता. डीव्हीडीवर होता. माझ्या जपानी प्रतीवर मात्र तो नव्हता आणि प्रिंटच्या स्कॅनमध्येही नव्हता. मला फार आनंद झाला. जपानी डिस्कच मूळ चित्रपटाच्या सर्वांत जवळची आहे, असा निष्कर्ष मी चौकटींच्या चित्रांसह लिहून काढला आणि पुण्याच्या मामांना पाठवला. ते दूरदर्शनमध्ये अभियंता होते; निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी व्हिडिओचा संदेश हा त्यांचा हळवा विषय आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. माझा निकाल त्यांनी बाजूला ठेवला आणि सरळ विचारले, "अरे, ही डिस्क जपानची आहे ना? पेडेस्टल तपासलंस का?"

"म्हणजे काय, मामा?"

"संदेशात पांढरा शंभरावर धरला, तर अमेरिकेत काळा रंग शून्यावर नसतो, साडेसातवर असतो. जपानमध्ये शून्यावर. आमच्या भारतातल्या 'पाल' या टीव्ही पद्धतीतही शून्यावरच. तू जपानी डिस्क अमेरिकी सेटिंगवर लावलीस तर साडेसातच्या खालचं सगळं काळ्यात बुडणार. तुझा चौकोन गेलेला नाही, तू बुडवलास त्याला."

मी उतरवणाऱ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिले. अमेरिकी आणि जपानी असे दोन पर्याय तिथे एकाखाली एक दिले होते, आणि मी सगळ्या डिस्क पहिल्यावर उतरवल्या होत्या. दुसरा पर्याय निवडून तोच प्रसंग पुन्हा उतरवला. करडा चौकोन यानाभोवती लख्ख उभा होता. शिवाय नायकाच्या काळोख्या खोलीच्या कोपऱ्यातील ज्या वस्तू मी डिस्कवर नाहीतच असे धरून चाललो होतो, त्याही दिसू लागल्या. संपूर्ण जपानी डिस्क मला नव्याने उतरवावी लागली, आणि आधीचा निष्कर्ष मागे घेत असल्याचे मामांना कळवावे लागले. त्यांनी त्यावर फक्त "बरं" एवढेच लिहिले.

गंमत अशी की चुकीच्या सेटिंगवरची प्रत प्रिंटच्या अधिक जवळ दिसत होती, ही गोष्ट खोटी नव्हती. चित्रपटगृहात दाखवायच्या प्रिंटमध्ये काळा रंग दाट असतो, त्या दाटपणात हे चौकोन बुडून जातात, आणि १९७७च्या कारागिरांनी त्याच भरवशावर ते तसे सोडले असणार. टीव्हीसाठी प्रत काढताना अंधार उजळवला की ते वर येतात. माझी डिस्क चुकून योग्य दिसत होती इतकेच. पण चुकून योग्य दिसणारी प्रत पुराव्यात धरता येत नाही.

आता प्रिंटच्या स्कॅनला शेवटचा शब्द मानावे का, हा प्रश्न उरतोच. टेक्निकलरच्या त्या पद्धतीत रंग फिल्मवर छापल्यासारखे चढवले जात, म्हणून ते टिकतात. त्याच काळातील ईस्टमनच्या प्रिंट आज पाहिल्या तर त्या गुलाबी पडलेल्या असतात. परंतु प्रिंट मूळ निगेटिव्हपासून काही पायऱ्या खाली असते, ती ज्या दिव्याच्या उजेडात पडद्यावर पडत असे तो रंगही स्कॅनमध्ये नसतो, आणि निगेटिव्हकडे परत जावे म्हटले तर १९९७च्या आवृत्तीसाठी त्याच निगेटिव्हची जुळणी बदलण्यात आली. लंडनमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जून २०२५मध्ये जतन केलेली १९७७ची टेक्निकलर प्रिंट प्रेक्षकांना दाखवली. मला जाता आले नाही. गेलो असतो तरी आठवणीतला काळा रंग घरच्या पडद्यावरील काळ्याशी ताडून पाहणार कसा, हे मला सांगता येणार नाही. म्हणून माझ्या वहीत आता 'सर्वांत जवळची प्रत' असा रकानाच नाही. ताऱ्यांसाठी प्रिंटचा स्कॅन आणि त्याखालोखाल जपानी डिस्क, सोयीसाठी डीव्हीडी, आणि प्रत्येक नोंदीपुढे केबल, यंत्र आणि सेटिंग यांचा उल्लेख, एवढेच आहे.

आवाजाच्या बाबतीत मी फारसा खोलात गेलो नाही. १९७७मध्येच या चित्रपटाचे एकाहून अधिक ध्वनिमिश्रण झाले होते आणि मोनो मिश्रणात नायकाच्या काकूचा आवाजही वेगळा आहे, एवढे कळल्यावर त्या वाटेला न जाण्याचे शहाणपण मी दाखवले.

सगळे आटोपल्यावर मामांनी फोनवर विचारले, "पण तू लहानपणी पाहिलास तो यांतला कुठला?" यांपैकी एकही नाही, हे मला तेव्हा लक्षात आले. ती कॅसेट पालची होती. पालमध्ये सेकंदाला २५ चौकटी असतात आणि फिल्मच्या २४ चौकटी सरळ २५च्या वेगाने पळवल्या जातात. १२१ मिनिटांचा चित्रपट ११६ मिनिटांत संपतो आणि आवाज चार टक्क्यांनी वर चढतो. त्या शनिवारी रात्री मी जपानी डिस्कची प्रत २५च्या वेगावर लावली, रुंद चित्राच्या दोन्ही बाजू कापून ते चौकोनी केले आणि दिवा मालवून बसलो. पहिला संवाद कानावर पडताच मी पत्नीला हाक मारली.

"अगं, हा बघ, हाच तो आवाज."

तिने दारातूनच दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाली, "सगळे घाईत आहेत असं वाटतंय."