घेवड्याचा निकाल लागला, डांगर मध्येच घुसलं

मंडळी, घेवडा शिजला! अंगठा आणि बोटात धरून दाबला की आत लोणी, आणि साल फाटलेली नाही. हस्त लागल्यापासून माझं जे रडगाणं ऐकताय ते आज बंद.

नव्यांसाठी थोडक्यात. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, म्हणजे पट्टेवाला सुका राजमा, यंदाच्या खरिपाचा. रात्रभर भिजवून, भरपूर शिट्ट्या देऊनही साल चिवट. कट फर्मास, कांदा-लसूण चटणीची तर्री छान आलेली, आणि दाताखाली मात्र चामडं. सासूबाईंनी ताटाच्या कडेला सालींची रांग लावून ठेवली. बोलल्या काही नाहीत, पण रांग फार सरळ होती.

पहिला संशय दाण्यावर. जुना माल नव्यात मिसळणारे असतातच. पण जुना घेवडा काळपट पडतो. माझ्या दाण्याचे पट्टे स्वच्छ, मधला रंग फिका. गणंग, म्हणजे कितीही शिजवले तरी न शिजणारे दाणे म्हणावेत, तर सगळेच कसे गणंग? कुकरची रिंग नवी. चिंच तर मी दाणा मऊ झाल्याशिवाय घालतच नाही, आंबट आधी पडलं की साल अडून बसते. म्हणजे सगळे आरोपी सुटले.

मग साताऱ्याहून ताईचा फोन. त्याच पोत्यातला निम्मा घेवडा तिच्याकडे गेलेला. म्हणाली, "अगं, लोण्यासारखा शिजतोय, गिचका होऊ नये म्हणून एक शिट्टी कमी केली." तिच्याकडे कासच्या तलावाचं पाणी. आमच्याकडे नळ तासभर, बाकी सगळा कारभार बोअरवर. गीझरच्या कॉइलवर चुन्याचा पांढरा थर चढतो तेच पाणी रोज घेवड्याला घालत होते!

दोन पातेली शेजारी-शेजारी ठेवली. एकात बोअरचं पाणी, एकात आरओ फिल्टरचं. दाणा तोच, आच तीच. फिल्टरवाला दाणा चमच्यात घेऊन फुंकर मारली तर साल सुरकुतून उलगडली. बोअरवाला ढिम्म. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सालीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, मग ती विरघळायलाच तयार होत नाही.

आता पाच लिटरच्या कुकरला प्रत्येक वेळी फिल्टरचं पाणी? ते यंत्र जितकं देतं त्याहून जास्त मोरीत सोडतं. म्हणून मिठाचा मार्ग काढला: 1 लिटर पाण्याला 15 ग्रॅम मीठ, त्यात रात्रभर भिजवायचं, सकाळी पाणी फेकून दाणे धुवायचे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं. भिजवायला बोअर, शिजवायला फिल्टर, एवढ्यावर भागलं. "चिमूटभर सोडा घाल" म्हणणाऱ्यांना नमस्कार. सोड्यानं दाणा मऊ होतो हे खरं, पण कटाला साबणासारखी चव येते, मला चालत नाही.

मातीच्या हंडीत मंद आचेवर करू का, असं विचारणाऱ्यांनी आधी किमान 10 मिनिटं खळखळून उकळी द्या. या दाण्यात कच्चेपणी पोट बिघडवणारं द्रव्य असतं, नुसत्या कोमट आचेवर ते जात नाही.

बाकी बातम्या. कृष्णाकाठची वांगी देठासकट भरली, कूट जाडसर ठेवला, एकही फुटलं नाही. बिडाची कढई आता रुळली. गुळगुळीत करून विकतात तसली घेऊ नका, खरबरीतच घ्या. डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची, मेथीदाण्याच्या फोडणीची भाजी पोरांनी मागून खाल्ली, उरलेल्या डांगराचे घारगे झाले.

कोजागरीला घरात नऊ माणसं. बेत असा होता: अर्धा किलो घेवड्याची आमटी, डांगराची भाजी, शाळूची भाकरी, रात्री दूध. पण हे लिहिता-लिहिता सुचलं, डांगर वेगळं कशाला? कटाला दाटपणा यावा म्हणून कूट घालतो, त्याऐवजी डांगराच्या फोडी शेवटी टाकून निम्म्या घोटल्या तर? गोडी येईल, म्हणून चटणी थोडी चढवायची आणि गूळ बाद. छोट्या पातेल्यात करून बघते. जमलं तर भाजीच्या जागी भरली वांगी. सासूबाई डांगर आमटीत बघून काय म्हणतील देव जाणे.

पावट्याच्या शेंगा अजून मंडईत नाहीत. मिरजेकडे कुणाला दिसल्या तर भाव कळवा.