श्टायर: चौकापेक्षा कालव्याला जास्त वेळ द्या

आधी नकाशातला घोळ. श्टायर गाव अपर ऑस्ट्रियात आहे, श्टायरमार्क प्रांतात नाही. त्या प्रांताचं नाव याच गावावरून पडलंय खरं, पण म्हणून त्याच्या राजधानीत, ग्रात्समध्ये, मुक्काम ठेवून इथे यायचा बेत केला तर दिवस गाडीतच जाईल. मुक्कामाला लिंझ बरं, रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येतं. व्हिएन्नाहून येताना सांक्ट व्हालेंटिनला गाडी बदला.

स्थानकातून निघून एन्स नदीवरचा पूल ओलांडला की आलाच श्टाटप्लाट्झ, गावचा मुख्य चौक. तिथलं बुमर्लहाउस १४९७चं. हे पूर्वी 'सोनेरी सिंह' नावाचं खानावळघर. पाटीवरचा सिंह इतका लहानखुरा, की लोक त्याला गुबगुबीत कुत्रं म्हणजे 'बुमर्ल' म्हणू लागले आणि तेच नाव टिकलं. चौकाला एक तास पुरे.

चौकाच्या उत्तर टोकाला त्स्विशनब्र्यूकन, म्हणजे 'पुलांच्या मधे'. इथे श्टायर नदी एन्सला मिळते. पुढे श्टायर नदी ओलांडून वेअरग्राबेन या जुन्या कालव्याकाठच्या भागात शिरा. इथे निदान तीन तास हवेत. बंधाऱ्याने नदीचं पाणी या कालव्यात वळवून चाकं फिरवली जात, त्यावर चाकू-सुऱ्यांना धार लागे. एर्झबेर्ग या लोहखनिजाच्या डोंगराचं लोखंड एन्सच्या खोऱ्यातून येई. १८६४मध्ये योझेफ वेर्न्डलने बंदुकांचा कारखाना काढला आणि १८८४च्या प्रदर्शनात पाण्याच्या जोरावर विजेचे दिवे लावून दाखवले. पुढे त्याच कारखान्यातून सायकली निघाल्या, मग मोटारी. आपल्याकडच्या 'हीरो पुक' मोपेडमधला पुक १९३४मध्ये याच घराण्यात आला, पण तो मूळचा ग्रात्सचा.

गेल्या शतकात हा कालवा बुजवायचं घाटत होतं, नागरिकांनी ते हाणून पाडलं. जुन्या कारखान्यात १९८७पासून 'म्युझियम आर्बाइट्सवेल्ट', म्हणजे श्रमजगताचं संग्रहालय, आहे, सोमवार टाळा. लांबर्ग किल्ल्याखालचं भुयार नाझी छळछावणीतल्या कैद्यांकडून खोदून घेतलेलं. ते रोज उघडं नसतं, म्हणून आधी वेळ पाहा आणि जाकीट जवळ ठेवा. पावसात कालव्याकाठची फरसबंदी निसरडी होते, बाबागाडी नकोच.

श्टायरटालबान या श्टायर खोऱ्यातल्या छोट्या रेल्वेची ७६० मिमी रुंदीच्या रुळांवरची वाफेची गाडी ग्र्यूनबुर्गपर्यंत १७ किमी जाते. ती लोकालबानहोफ या वेगळ्या स्थानकावरून सुटते, मुख्य स्थानकावरून नव्हे. मुख्य फलाटावर वाट पाहत बसलात तर गाडी चुकली म्हणून समजा. शिवाय ती ठरावीक दिवशीच धावते, मुख्यतः उन्हाळ्यातले रविवार आणि नाताळाआधीचे आठवडे.