लालीचा ब्रिज, तिसऱ्यांदा

लाली म्हणजे माझी इलेक्ट्रिक गिटार. तिच्या ब्रिजबद्दल (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) गेल्या वेळी ‘ब्रिज बसला, विषय संपला’ असं छाती ठोकून लिहिलं होतं. ते शब्द मागे घेतो.

नव्यांसाठी दोन ओळी: लालीचा मूळ स्वस्तातला ब्रिज पहिल्या ते सहाव्या तारेपर्यंत ५२.५ मिलिमीटरचा, आपल्याला हवा १९६२ च्या स्ट्रॅटसारखा (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) ५६.४ चा, सहा स्क्रूंचा. जुनी भोकं बुजवली, नवी पाडली, तर बारीक ई (सगळ्यात बारीक तार) नेकच्या, म्हणजे दांडीच्या, कडेवरून घसरायला लागली. पुन्हा बुजवली, सगळी रांग जाड तारेच्या बाजूला दीड मिलिमीटर सरकवली. मस्त बसलं. फोटो टाकले, तुम्ही कौतुकही केलंत.

या आठवड्यात तारा पिळायच्या क्लुसन खुंट्यांसाठी नेक काढला. हेडची (नेकच्या टोकाची) भोकं १० मिलिमीटरची, क्लुसनला लागतात पावणेनऊच्या आतबाहेर, म्हणून भोकं लहान करायला बुश ठोकले. नेक परत चार स्क्रूंवर कसला, तारा चढवल्या, आणि आता जाड ई (सगळ्यात जाड तार) घसरतेय! तीच भोकं, तोच ब्रिज, तोच नेक. फक्त पळून जाणारी तार बदलली.

दोन संध्याकाळी फुकट गेल्या. आधी नटवर (हेडपाशी तारा टेकतात ती पट्टी) संशय घेतला, मग सॅडलवर (ब्रिजवरचे तारांचे टेकू), मग बिचाऱ्या बुशांवर. स्टीलची पट्टी घेऊन पिकगार्डच्या (बॉडीवरच्या पातळ पाटीच्या) कडेपासून मापं काढत बसलो. पिकगार्ड मीच अंदाजाने बसवलेलं, हे रात्री अकरा वाजता आठवलं.

सुटका केली ती गल्लीतल्या सुतारकाकांनी. आले होते ओट्याखालच्या ड्रॉवरचं चॅनेल बदलायला. टेबलावर लाली उघडी पडलेली बघून म्हणाले, “मध्य कुठनं धरला?”

“बॉडीच्या जोडावरून.”

“अहो, पण वाजवता दांडीवर ना? मग मध्य दांडीचा धरायचा.”

दोरा मागितला. नटच्या मध्यावरून ब्रिजपर्यंत ताणला, एका डोळ्याने बघितलं, मग दोरा मला धरायला देऊन हेड हळूच बाजूला दाबलं. टक्. ब्रिजपाशी दोरा सरकला. उलट दाबलं. टक्. “एक सूत खेळतीय,” म्हणाले आणि चॅनेलकडे वळले.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या किंचित वर. नेकच्या खाचेत फट किती, तर तीन व्हिजिटिंग कार्डं जेमतेम जातील एवढी, म्हणजे मिलिमीटरभर. पण खाच तीन इंच लांब आणि ब्रिज तिथून पुढे लांब, त्यामुळे तोच मिलिमीटर ब्रिजपाशी तिप्पट होतो. पहिल्या वेळी नेक खाचेच्या एका भिंतीला टेकलेला होता, या वेळी दुसऱ्या. मधल्या काळात मी शहाण्याने रांग सरकवून चूक कायमची करून घेतली. पहिली भोकं बरोबर होती!

तर आता तिसरी फेरी. या वेळी आधी खाचेत दोन्ही बाजूंना शिसवीच्या विनियरच्या पातळ पट्ट्या, म्हणजे नेक हलणारच नाही. शिसवी का? नेकवर बोटं दाबतात तो बोर्ड शिसवीचाच आहे, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडरनेही ब्राझीलचं रोजवूड सोडून आपलंच धरलं. १९६२ च्या हिशेबाने हे चुकीचं, पण पट्टी दिसणार कुणाला?

भोकं परत तयार डॉवेलने (गोल लाकडी खुंटीने) बुजवायचा बेत होता. हे लिहिता लिहिता तो बदलतोय. डॉवेलच्या लाकडाची रेषा उभी असते, स्क्रू तिच्यात रेषेच्या दिशेनेच जातो आणि पकड येत नाही. माझे दोन स्क्रू आत्ताच गरगर फिरताहेत. त्यापेक्षा सहाही भोकांची मिळून एकच पट्टी पटाशीने कोरून काढायची आणि बॉडीच्या रेषेला समांतर रेषेचा सागवानी तुकडा बसवायचा. ब्रिजची प्लेट वरून झाकेल. कुणी असं केलं असेल तर खोली किती घेतली ते सांगा.

बाकी बातमी बरी आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत टोनसाठी ‘१०४’ (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड) छापलेला सिरॅमिक डिस्क कपॅसिटर शोधायला गेलो आणि जुन्या रेडिओच्या सुट्या भागांत तो सापडला. मीटरवर ०.०९७ मायक्रोफॅरड! टोन पूर्ण खाली आणला की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो. लोक ०.०२२ घालतात, घालोत बापडे. पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं) ५.८, ५.९ आणि ६.१ किलोओहम, पोलवर स्क्रूड्रायव्हर टेकवून तिन्ही तपासले. ऑनलाइन घेतलेल्या ‘व्हिंटेज’ किटमधले स्क्रू मात्र अतिशय भिकार, दोनांची डोकी पहिल्याच पिळात गेली. बोहरी आळीतून सुटे आणले, ते पक्के निघाले.

पिकअप निवडायचा स्विच तीन-वेचाच (तीन जागांचा) बसवणार होतो. फॅक्टरीतून पाच-वे आला तोच १९७७ ला. पण मधल्या दोन जागांवर तीन-वे अडकवायला काडी खुपसत बसायला आता मला वेळ नाही. पाच-वे राहील. शुद्धतावाद्यांनी माफ करावं.

रंग दिवाळीनंतर. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पावसाळी हवेत पांढरट पडतो, हे सोफ्याच्या कुठल्याही पॉलिशवाल्याला विचारा.

काका रविवारी येतो म्हणालेत. जाताना एवढंच सांगून गेले, “पटाशीला धार लावून ठेवा, आणि मी येईपर्यंत कशाला हात लावू नका.”